'पुढील उपचारार्थ' : रुग्णसेवेच्या गुणवत्तामापनाची एक चिकित्सा (शिरूर व दौंड तालुक्यांच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

'रुग्णास पुढील उपचारार्थ पुणे येथे पाठविण्यात आले.' पुणे जिल्ह्यातील ग्रामीण रुग्णालयांच्या नोंदवह्यांना हे वाक्य परके नाही. शासकीय मराठीच्या प्रथेप्रमाणे त्यात कर्ता नाही. कोणी पाठविले, कोणत्या वाहनाने, सोबत कोण होते, तिकडे आधी कळविले होते का, आणि मुख्य म्हणजे पुढे त्या रुग्णाचे काय झाले, यांपैकी काहीच या वाक्यातून कळत नाही. नोंद पूर्ण होते आणि रुग्ण नोंदवहीतून बाहेर पडतो.

गेल्या दोन दशकांत आपल्या देशात सार्वजनिक आरोग्यसेवेची गुणवत्ता मोजण्याचे पद्धतशीर प्रयत्न झाले. २००७ मध्ये भारतीय सार्वजनिक आरोग्य मानके (आयपीएचएस) निश्चित झाली. २०१२ व २०२२ मध्ये त्यांत सुधारणा झाल्या. २०१३ पासून राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानके (एनक्यूएएस) लागू होऊ लागली. २०१५ मध्ये स्वच्छतेवर भर देणारी 'कायाकल्प' योजना, २०१६ मध्ये रुग्णांचा अभिप्राय घेणारी 'मेरा अस्पताल' ही व्यवस्था आणि २०१७ मध्ये प्रसूतिकक्षासाठी 'लक्ष्य' हा उपक्रम आला. प्रस्तुत लेखात या मापनव्यवस्थेची चिकित्सा शिरूर व दौंड या दोन तालुक्यांच्या संदर्भात केली आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, आपण मोजमापाचे एकक म्हणून संस्था स्वीकारली, रुग्ण स्वीकारला नाही; परिणामी जेथे गंभीर आजाराचा अर्थच 'पुढे न्यावे लागणे' असा आहे, तेथे सेवेचा सर्वांत जोखमीचा टप्पा कोणत्याही संस्थेच्या गुणपत्रिकेत उतरत नाही.

प्रस्तुत लेखक वैद्यकशास्त्राचा अभ्यासक नाही. मूल्यमापनाच्या पुस्तिका, अहवाल आणि नोंदी यांना संहिता मानून त्यांचे वाचन करणे, त्या काय बोलतात व कशाविषयी मौन पाळतात हे पाहणे, एवढीच या लेखाची कक्षा आहे.

दोन महामार्गांवरील दोन तालुके

शिरूर तालुका पुणे–अहिल्यानगर मार्गावर, तर दौंड तालुका पुणे–सोलापूर मार्गावर व लोहमार्गाच्या जंक्शनवर वसलेला आहे. रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर या पट्ट्यात आणि दौंडकडे कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. घोड व भीमा नद्यांच्या काठी उसाचे क्षेत्र वाढले, साखर कारखाने आले, आणि त्यांच्याबरोबर दर हंगामात बीड, अहिल्यानगर या भागांतून ऊसतोड मजुरांचे तांडे येऊ लागले. महामार्गावरील अपघात, कारखान्यातील इजा, रासायनिक विषबाधा, सर्पदंश, अलीकडे बिबट्याचे हल्ले आणि त्यांच्या जोडीला अवघड बाळंतपणे, असे या भागातील तातडीच्या आजारांचे स्वरूप आहे.

यांतील बहुतेक प्रसंगी रुग्णाला जवळच्या संस्थेत प्रथमोपचार मिळतात आणि नंतर त्याला हलवावे लागते. दौंड येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. शिरूर व यवत येथे ग्रामीण रुग्णालये आहेत. त्यांच्याखाली साधारणतः तीस हजार लोकसंख्येस एक या प्रमाणात प्राथमिक आरोग्य केंद्रे असावीत असा दंडक आहे. परंतु मेंदूची शस्त्रक्रिया, कृत्रिम श्वासोच्छ्वासावरील दीर्घ उपचार किंवा कमी वजनाच्या नवजात बालकाची अतिदक्षता यांसाठी पुण्याचे ससून रुग्णालय अथवा शहरातील खासगी रुग्णालये गाठावी लागतात. २०१९ मध्ये बारामतीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यानंतर दौंडच्या रुग्णांना आणखी एक दिशा मिळाली. शिरूरच्या पूर्वेकडील गावांना अहिल्यानगर जवळचे वाटते. उलटपक्षी नदीपलीकडच्या श्रीगोंदे तालुक्यातील लोक उपचारांसाठी दौंड आणि शिरूरकडे येतात. रुग्णाची वाट तालुक्याची व जिल्ह्याची हद्द जुमानत नाही. नोंदवही मात्र हद्दीपाशी थांबते.

या परिसराच्या बोलीतच हा अनुभव रुजलेला आहे. 'पुण्याला हलवलं', 'पुढं न्यायला सांगितलं', 'ससूनला टाकलं' हे शब्दप्रयोग पाहावेत. विद्यार्थ्यांच्या रजेच्या अर्जांतही 'आजोबांना पुण्याला हलविले' हे कारण इतके नित्याचे असते की त्यावर अधिक विचारणा करण्याची गरज कोणास वाटत नाही. रुग्ण स्वतः या सर्व वाक्यांत कर्मस्थानी असतो, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

२०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. या प्रवासातील वाहनाचा प्रश्न त्यामुळे पुष्कळ हलका झाला, हे मान्य केले पाहिजे. वाहन किती मिनिटांत पोहोचले हे तेव्हापासून मोजता येऊ लागले. वाहनातून उतरल्यानंतर काय झाले, हा प्रश्न तेथेच राहिला.

गुणपत्रिकेची संहिता

राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकांची रचना आठ क्षेत्रांत केलेली आहे : सेवांची उपलब्धता, रुग्णहक्क, साधनसामग्री, साहाय्यक सेवा, नैदानिक सेवा, संसर्ग-नियंत्रण, गुणवत्ता-व्यवस्थापन आणि परिणाम. प्रत्येक क्षेत्राखाली मानके, मानकाखाली मोजता येण्याजोगे घटक आणि घटकाखाली तपासणीचे मुद्दे अशी ही उतरंड आहे. मुद्द्याची पूर्तता नसल्यास शून्य, अंशतः असल्यास एक, पूर्ण असल्यास दोन गुण दिले जातात. निरीक्षण, कर्मचाऱ्यांशी संवाद, कागदपत्रांची तपासणी व रुग्णांशी संवाद या चार मार्गांनी माहिती घेतली जाते. राष्ट्रीय प्रमाणपत्रासाठी एकूण सत्तर टक्क्यांची अट ठरविण्यात आली आणि त्यासोबत काही उप-अटीही आल्या.

ही संहिता टाकाऊ आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रसूतिकक्षात हात धुण्यास वाहते पाणी असणे, जैववैद्यकीय कचरा वेगवेगळ्या रंगांच्या पिशव्यांत जाणे, स्त्री-रुग्णाच्या तपासणीसमयी पडदा असणे या गोष्टी क्षुल्लक नव्हेत. ज्यांनी नव्वदच्या दशकातील प्राथमिक आरोग्य केंद्रे पाहिली आहेत त्यांना हा फरक सांगावा लागत नाही. रुग्णहक्क हे स्वतंत्र क्षेत्र म्हणून मानकांत येणे हीसुद्धा महत्त्वाची घटना होय. आपल्याकडील 'रुग्णसेवा' या शब्दाला परोपकाराचा गंध आहे. सेवा करणारा मोठा आणि घेणारा उपकृत, असे त्यात गृहीत असते. हक्काची भाषा शासकीय पुस्तिकेत आल्याने ते गृहीत निदान कागदावर तरी हलले.

संदर्भसेवेचा, म्हणजे रुग्ण पुढे पाठविण्याचा, विचार या मानकांत झालेला नाही असेही नाही. नैदानिक सेवेच्या क्षेत्रात सेवेच्या सातत्याविषयी व संदर्भसेवेविषयी एक स्वतंत्र मानक आहे. रुग्णासोबत चिठ्ठी दिली जाते का, पुढील संस्थेस आगाऊ कळविले जाते का, वाहन उपलब्ध होते का, नोंदवही ठेवली जाते का, असे मुद्दे त्यात येतात; पाठविलेल्या रुग्णाचा पाठपुरावा करण्याची व्यवस्था आहे का, असेही विचारलेले आढळते. येथे आपण प्रश्नाच्या शब्दरचनेकडे लक्ष द्यावयास हवे. प्रश्न 'व्यवस्था आहे का' असा आहे. 'रुग्णाचे काय झाले' असा नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एक नोंदवही दाखवून देता येते. आणि शेकडो मुद्द्यांच्या यादीत या एका मुद्द्यावर शून्य मिळाले तरी बेरजेवर त्याचा परिणाम नगण्य राहतो. सूचनाफलक लावण्याला जितके गुण, तितकेच रुग्णाचा माग घेण्याला, हा या अंकगणिताचा मूळ दोष आहे.

रुग्णाच्या समाधानाचे मोजमाप पाहू. अभिप्राय कोणाकडून घेतला जातो? जो त्या संस्थेत आला, तेथेच बरा झाला आणि तेथूनच घरी गेला त्याच्याकडून. ज्याला मध्यरात्री पुढे पाठविले तो त्या खोलीत नसतो. जो 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध' म्हणून निघून गेला तो नसतो. जो अंतर पाहून किंवा रोजगार बुडेल म्हणून आलाच नाही, तो तर कोठेच नसतो. उरलेला रुग्ण बहुधा 'बरं आहे' असे उत्तर देतो. मराठीतील 'बरे' या शब्दाचा अर्थ रोगमुक्त असाही होतो आणि 'चालण्याजोगे' असाही. ज्या डॉक्टरांकडे उद्या पुन्हा यावयाचे आहे त्यांच्या आवारात उभे राहून दिलेल्या या उत्तराचे टक्केवारीत रूपांतर करताना मापनकर्ता कोणता अर्थ गृहीत धरतो, हे सांगणे अवघड आहे.

खासगी क्षेत्राबाबत फार लिहिण्यासारखे नाही, कारण मापनच फारसे नाही. १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालील नियमांत २०२१ मध्ये सुधारणा होऊन रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक लावणे बंधनकारक झाले. २०१० चा केंद्रीय वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. शिरूर-दौंडमध्ये पहिली धाव बहुधा खासगी दवाखान्याकडेच असते, त्यामुळे रुग्णाच्या प्रवासाचा आरंभच पुष्कळदा मोजमापाच्या बाहेर घडतो.

कॉडमनचा प्रश्न आणि त्याचे विस्मरण

गुणवत्तामापनाच्या सैद्धांतिक चर्चेत अवेदिस डोनाबेडियन यांच्या १९६६ मधील लेखाचा उल्लेख अपरिहार्य असतो. रचना, प्रक्रिया आणि परिणाम ही त्यांची त्रिसूत्री आपल्या मानकांच्या मुळाशीही आहे. परंतु त्यांच्या अर्धशतक आधी अमेरिकेतील बोस्टन शहरात अर्नेस्ट कॉडमन (१८६९–१९४०) या शल्यविशारदाने याहून साधा प्रश्न विचारला होता : उपचारानंतर वर्षभराने रुग्ण कसा आहे? प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड ठेवावे, वर्षाने त्याचा शोध घ्यावा, अपेक्षित परिणाम मिळाला नसेल तर कारण शोधावे आणि निष्कर्ष जाहीर करावेत, अशी त्याची कल्पना. मॅसॅच्युसेट्स जनरल या प्रतिष्ठित रुग्णालयाशी त्याचे पटले नाही. स्वतःच्या लहानशा रुग्णालयात १९११ ते १९१६ या काळात बरे करून पाठविलेल्या ३३७ रुग्णांचा हिशेब त्याने प्रसिद्ध केला आणि त्यात १२३ चुका स्वतःहून नोंदविल्या. व्यवसायबंधूंना हे रुचले नाही, हे सांगावयास नको.

पुढील घटना अधिक बोलकी आहे. कॉडमन ज्या चळवळीत होता, त्या अमेरिकन शल्यविशारदांच्या महाविद्यालयाने रुग्णालयांच्या प्रमाणीकरणाचे काम हाती घेतले. पहिल्या पाहणीत शंभर किंवा अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांपैकी अवघी ८९ किमान मानकांना उतरली. बोभाटा होऊ नये म्हणून ती यादी १९१९ मध्ये जाळून टाकण्यात आली. जी किमान मानके टिकली ती संघटना, नोंदी, प्रयोगशाळा इत्यादींविषयीची होती. वर्षभराने रुग्णाला शोधण्याची अट त्यांत नव्हती. आजच्या मानांकन-परंपरेचा एक प्रमुख उगम येथे आहे. परंपरेने यादी उचलली आणि प्रश्न मागे ठेवला. आपण आयात केली ती यादी.

केवळ यादीवर विसंबल्याने काय घडू शकते याचे उदाहरण इंग्लंडमधील स्टॅफर्ड येथील रुग्णालयाचे आहे. २००५ ते २००९ या काळात तेथील व्यवस्थापन आर्थिक उद्दिष्टे व संस्थेचा दर्जा मिळविण्याच्या मागे होते आणि वॉर्डांत रुग्णांची अक्षम्य हेळसांड होत होती. २०१३ च्या फ्रान्सिस चौकशी अहवालाने ते विस्ताराने मांडले. त्या काळात नातेवाईक तक्रारी करीत होते. मोजमापाला त्या ऐकू येत नव्हत्या.

केडगावची एक जुनी तक्रार

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही, आणि दौंड तालुक्याशी त्याचा संबंध तर फारच जुना आहे. १८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेगने थैमान घातले. रँड यांच्या प्लेग समितीने घरझडती, सक्तीची रुग्णालय-भरती व विलगीकरण छावण्या यांचा अवलंब केला. दुष्काळग्रस्त मुलींना आश्रय देणाऱ्या पंडिता रमाबाईंना याच काळात आपल्या आश्रितांसह केडगावच्या जमिनीवर यावे लागले. तेथेच पुढे मुक्ती मिशन उभे राहिले. त्या वर्षीच्या मे महिन्यात रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'ला पत्र लिहून प्लेग-रुग्णालयातील स्त्री-रुग्णांच्या स्थितीवर जाहीर टीका केली. शारदासदनातील एका तरुणीला रुग्णालयात नेण्यात आले व ती आश्रमाला परत मिळाली नाही, तेथील व्यवस्थेत स्त्रियांची अब्रू सुरक्षित नाही, असा त्यांच्या तक्रारीचा आशय होता.

या पत्राचा प्रतिध्वनी लंडनमध्ये उमटला. तेथे असलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यातील प्लेग-कारवाईवर आरोप केले होते. त्या संदर्भात रमाबाईंचे पत्रही पुढे आले आणि प्रकरण ब्रिटिश संसदेपर्यंत गेले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी रमाबाईंचे म्हणणे चुकीचे व दिशाभूल करणारे ठरविले. गोखल्यांना आपल्या आरोपांबद्दल परतल्यावर माफी मागावी लागली, कारण ज्यांनी त्यांना पत्रे लिहिली होती ते पुराव्यासाठी उभे राहिले नाहीत.

इतिहासकारांनी या प्रसंगाचा विचार राष्ट्रवाद, धर्मांतर व स्त्रीप्रश्न या अंगांनी केला आहे. रुग्णसेवेच्या अंगाने पाहता तो एका संदर्भित रुग्णाविषयीचा प्रश्न आहे : आम्ही जिला पाठविले, किंवा जिला आमच्याकडून नेले, तिचे काय झाले? उत्तर देण्याची साधने, म्हणजे नोंदी, पहारेकरी व चौकशीचा अधिकार, ज्या व्यवस्थेकडे होती तिनेच स्वतःविषयी निकाल दिला. वसाहतकालीन सक्ती आणि आजची लोकनियुक्त शासनाची आरोग्यसेवा यांत मूलभूत अंतर आहे. दोहोंना एका मापाने मोजणे गैर होईल. नोंद कोणाच्या हाती आहे हा मुद्दा मात्र दोन्हीकडे शिल्लक राहतो.

वढू आणि पुरंदर

संस्थेऐवजी लोकांना एकक धरून आरोग्य मोजण्याचा प्रयोग शिरूर तालुक्यातच झालेला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७२ मध्ये वढू बुद्रुक येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. रुग्णालयाने रुग्णाची वाट पाहत बसू नये, गावातील स्त्रियांना प्रशिक्षित करून घरापर्यंत जावे, ही त्यामागची धारणा होती. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये असेच काम आरंभिले होते. कोयाजींना १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२ पासून वढू येथे शिरूर व हवेली तालुक्यांतील २२ गावांच्या लोकसंख्येची व आरोग्याची सातत्याने नोंद ठेवणारी यंत्रणा उभी राहिली. जन्म, मृत्यू, स्थलांतर यांची घरोघर नोंद आणि घरी झालेल्या मृत्यूचे कारण नातेवाइकांकडून विचारून ठरविण्याची पद्धत ही तिची वैशिष्ट्ये आहेत.

या नोंदीचे मोल मोठे आहे. रोटाव्हायरसमुळे होणाऱ्या अतिसारावरील 'रोटाव्हॅक' या भारतीय लसीच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत एकूण ६,७९९ बालकांचा समावेश होता; वढू हे तिच्या तीन केंद्रांपैकी एक होते. ही लस २०१६ पासून राष्ट्रीय लसीकरणात आली. शिरूर तालुक्यातील आयांनी आपली बाळे या अभ्यासात दिली, याची नोंद तालुक्याच्या इतिहासात व्हावयास हवी. प्रश्न एवढाच आहे की, कोण जन्मले, कोण वारले व कशाने वारले हे घराघरांतून जाणणारी यंत्रणा ज्या तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील रुग्णालयाची गुणवत्ता ठरविताना पुस्तिकेला त्या ज्ञानाची गरज का भासत नाही? संशोधनासाठीची गणना आणि उत्तरदायित्वासाठीची गणना या आपण दोन वेगळ्या खोल्या केल्या आहेत.

अशा गणनेने काय उघड होते, याची दोन उदाहरणे महाराष्ट्रातलीच आहेत. २००१ च्या 'कोवळी पानगळ' या अहवालात स्वयंसेवी संस्थांनी गावोगाव बालमृत्यू मोजले आणि शासकीय नोंदींपेक्षा ते कितीतरी अधिक असल्याचे दाखविले. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली तेव्हा ८२,३०९ पैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. कोणत्याही एका रुग्णालयाची नोंदवही तपासून हे दिसले नसते, कारण प्रत्येक नोंदवहीत एक-एक शस्त्रक्रिया यथास्थित नोंदलेली असणार. याच स्त्रियांपैकी कित्येकजणी हंगामात दौंड-शिरूरच्या फडांत असतात आणि दोन्हीकडच्या गावनोंदीत अर्ध्याच असतात.

तिसरा मार्ग शेजारच्या पुरंदर तालुक्यात चोखाळला गेला. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत २००७ पासून पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर 'लोकाधारित देखरेख' सुरू झाली. राज्यपातळीवर पुण्याची 'साथी' ही संस्था, तर पुणे जिल्ह्यात पुरंदरमध्ये काम करणारी 'मासूम' ही संस्था समन्वयक होती. गावकऱ्यांच्या समित्यांनी सेवांना हिरवा, पिवळा, लाल असे रंग देऊन गुणपत्रिका भरल्या आणि त्या जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर वाचल्या गेल्या. या पद्धतीत शास्त्रीय काटेकोरपणा कमी होता, तक्रारींना स्थानिक राजकारणाचा वास येण्याचा धोका होता आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना कधी कधी नाहक आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले असणार. तरीही एक गोष्ट येथे प्रथमच घडली. रुग्ण किंवा त्याचा नातेवाईक वाक्याचा कर्ता झाला. 'आम्ही नेले, तिथे डॉक्टर नव्हते, आम्ही पुढे गेलो' असे वाक्य शासकीय कार्यवृत्तात येऊ शकले.

सुधारणेची शक्यता

संस्थांच्या साखळीत हरवलेल्या रुग्णाचा विचार कायद्याने केलेला आहे. १९९२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक शासकीय रुग्णालयांनी जागा वा सुविधा नसल्याचे सांगून परत पाठविले. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये वेळेवर उपचार न मिळणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग असल्याचे सांगितले आणि रुग्णालयांत समन्वय राखण्याविषयी निर्देश दिले. दौंडसारख्या रेल्वेच्या गावी तर हा खटला पाठ असावयास हवा.

आरोग्यखात्याकडेही रुग्णाच्या पावलांमागून जाणारे एक साधन आहे. मातामृत्यू अन्वेषणात आशा, परिचारिका व वैद्यकीय अधिकारी त्या स्त्रीच्या घरी जातात आणि निर्णयाला झालेला विलंब, पोहोचण्यातील विलंब व उपचार मिळण्यातील विलंब असे तीन टप्पे तपासतात. स्त्री कोणकोणत्या दारांतून गेली, हे त्यात क्रमाने लिहावे लागते. साधन उत्तम आहे. ते वापरण्यासाठी मात्र आधी मृत्यू व्हावा लागतो. हेच प्रश्न पुढे पाठविलेल्या प्रत्येक गंभीर रुग्णाविषयी विचारता येणे शक्य आहे. पाठविणाऱ्या संस्थेने चिठ्ठीची एक प्रत ठेवावी. घेणाऱ्या संस्थेने निदान, उपचार व निष्पत्ती लिहून ती परत पाठवावी. महिन्याने आशा कार्यकर्तीने घरी विचारणा करावी आणि ही पाने रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत नावे वगळून वाचली जावीत. संदर्भसेवेच्या नोंदवहीत 'कोठे पाठविले' या रकान्यापुढे 'पुढे काय झाले' हा रकाना वाढवावा, एवढीच ही मागणी आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की, या माहितीला गुण चिकटविले तर लहान रुग्णालये रुग्ण पाठविण्यास कचरतील किंवा उलट पाठवून हात झटकतील. योग्य वेळी पाठविणे हा दोष नसून कौशल्य आहे, हे येथे विसरता येणार नाही. म्हणूनच ही माहिती बेरजेत घालू नये. कॉडमनने केले तसे प्रत्येक प्रकरणात कारण शोधावे : उशीर कोठे झाला, साधन नव्हते की माणूस नव्हते, की काहीच चुकले नव्हते. दुसरा आक्षेप आशांच्या श्रमाचा आहे. २०२१ व २०२३ मध्ये राज्यातील आशांनी मानधनासाठी संप केले, त्यामागे नव्या-नव्या नोंदींचा वाढता भार हेही कारण होते. एका घरभेटीचा मोबदला न देता आणखी एक रकाना त्यांच्या माथी मारणे म्हणजे गुणवत्तेचा खर्च सर्वांत खालच्या पायरीवरील स्त्रीकडून वसूल करणे होय. हा मोबदला, तसेच ससून अथवा बारामती येथून परतीची चिठ्ठी पाठविण्यासाठी लागणारा एक लिपिक, यांची तरतूद प्रथम व्हावयास हवी. मानांकनप्राप्त संस्थांना जो प्रोत्साहन-निधी मिळतो, त्यातूनच दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात व शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात वर्षभरासाठी हे करून पाहता येईल. आणि वढूच्या २२ गावांपैकी जी शिरूर तालुक्यात आहेत तेथे घरोघरच्या नोंदींशी या चिठ्ठ्या ताडून पाहिल्यास किती रुग्ण कागदावर परतले व किती परतले नाहीत, हे पहिल्याच वर्षी कळेल.